कातळात रुतलेल्या बोल्टचा गंज बाहेरून कसा ओळखायचा: बॅरन माउंटनचं प्रकरण

बोस्टनहून उत्तरेला दोनेकशे किलोमीटर गेलं की आय-९३ हा महामार्ग न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये शिरतो. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला बोस्टनकडची मराठी मंडळी याच रस्त्यानं जातात. वुडस्टॉक गावाजवळ या रस्त्याला लागून बॅरन माउंटनचा कापलेला कडा आहे. १९७०च्या दशकात रस्त्याचं बांधकाम चालू असतानाच इथे दरड कोसळली. आराखडा बदलावा लागला आणि उरलेला कातळ जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी त्यात पोलादी रॉक बोल्ट आणि टेंडन, म्हणजे भोकं पाडून आत खोल बसवलेल्या सळया, घातले गेले. बोल्ट रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत बसवले, टेंडन सिमेंटच्या ग्राउटमध्ये, म्हणजे भोकात ओतलेल्या लगद्यात. दोन्ही ताणून बसवलेले, म्हणजे नट आवळतानाच पोलादात ओढ भरून ठेवलेली, जेणेकरून कातळाच्या भेगा दाबाखाली मिटून राहाव्यात.

तीस वर्षं होत आली तेव्हा राज्याच्या वाहतूक खात्याला प्रश्न पडला की हे पोलाद आत कोणत्या अवस्थेत आहे. प्रश्न साधा असला तरी उत्तर मिळणं अवघड होतं, कारण रॉक बोल्टचा दिसणारा भाग म्हणजे एक प्लेट, एक नट आणि बाहेर डोकावणारी वीतभर आटेदार सळई. बाकी सगळं कातळात. दिसणारा भाग तांबूस झाला म्हणून आतला भाग वाईट असं म्हणता येत नाही. उलट बाहेरची प्लेट ठीकठाक दिसत असताना तिच्या मागे हातभर अंतरावर सळई निम्मी झालेली असू शकते. आज कायमस्वरूपी बोल्ट बसवताना प्लास्टिकची नळी आणि ग्राउट असं दुहेरी संरक्षण देण्याची पद्धत आहे. त्या पिढीतल्या बोल्टभोवती बहुतेकदा ग्राउटचंच काय ते आवरण असे, आणि ते भोकात सगळीकडे सारखं पोचलं का, हे बसवणाऱ्यालाही दिसत नसे.

त्याच सुमारास, ३ मे २००३ला, याच महामार्गावर थोड्या उत्तरेला फ्रँकोनिया नॉचमधला ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ कोसळला. राज्याच्या नाण्यावर झळकलेला तो दगडी चेहरा १९१६पासून लोखंडी सळया आणि टर्नबकल (सळया आवळणारे पेच) लावून धरून ठेवला होता. तिथे दोष मुख्यतः दगडाचा होता, गोठण्या-वितळण्याच्या चक्रांनी तोच खिळखिळा झाला होता. बॅरन माउंटनशी त्याचा तांत्रिक संबंध नाही. पण डोंगराला लावलेल्या लोखंडाकडे त्यानंतर त्या राज्यात कुणी निर्धास्तपणे पाहिलं असेल असं वाटत नाही.

कागदावरचा हिशेब

अमेरिकेतल्या नॅशनल कोऑपरेटिव्ह हायवे रिसर्च प्रोग्रॅमनं २००२ साली ४७७ क्रमांकाचा अहवाल काढला. जमिनीत किंवा खडकात ताणून बसवलेल्या पोलादाची प्रकृती कशी तपासावी याची रीत त्यात घालून दिली आहे. बॅरन माउंटनची तपासणी त्याच वाटेनं गेली. आधी परिसर किती बाधक आहे ते पाहायचं: खडक आणि पाणी यांचे नमुने, सामू, क्लोराइड, सल्फेट, विद्युतरोध. त्यावरून पोलाद दरवर्षी किती झिजेल याचा अंदाज बांधायचा.

अंदाजाचे आकडे मोठे बोलके आहेत. सर्वसाधारण परिस्थितीत पृष्ठभागावरून वर्षाला ३५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जातात असं धरतात, बाधक परिस्थितीत ५०, आणि अतिबाधक परिस्थितीत ३४०. उदाहरणासाठी २५ मिलिमीटर व्यासाची सळई घेऊ. तिचं छेदक्षेत्र ४९१ चौरस मिलिमीटर. ५० मायक्रॉनच्या दरानं तीस वर्षांत सगळ्या बाजूंनी दीड मिलिमीटर पोलाद जातं. व्यास २२ उरतो, क्षेत्र ३८०. जवळपास चौथा हिस्सा गेला. ३५चा दर धरला तर सोळा टक्के जातात. ३४०चा धरला तर सळईऐवजी साडेचार मिलिमीटरची तार उरते, म्हणजे बोल्ट केव्हाच तुटलेला असतो.

एवढ्या रुंद पट्ट्यातून निर्णय निघत नाही. शिवाय हा हिशेब सगळीकडे सारखी झीज धरतो. खरा गंज असा सभ्य नसतो, तो एखाद्या जागी खड्डा करून खोल जातो. त्यात उच्च ताकदीचं, ताणलेलं पोलाद असेल तर ताण आणि गंज यांच्या संगनमतानं बारीक तडा पडतो आणि छेदक्षेत्र फारसं कमी न होताच सळई काडकन मोडते. ऑस्ट्रेलियातल्या कोळसा खाणींत छताचे बोल्ट अशा तड्यांनी मुदतीआधीच तुटलेले सापडले आहेत. म्हणून प्रत्यक्ष बोल्टपाशी जाऊन त्यालाच विचारणं भाग होतं.

चार साक्षीदार

बॅरन माउंटनवर निवडक बोल्ट आणि टेंडनवर चार प्रकारच्या चाचण्या झाल्या, दोन विजेच्या आणि दोन लहरींच्या.

विजेच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. पहिलीत बोल्टला तार जोडून, तांबं आणि तांब्याच्या सल्फेटचा संदर्भ-इलेक्ट्रोड ओल्या कातळावर टेकवून दोघांतला विद्युतदाब मोजतात. तो जितका ऋण तितकी गंजाची शंका जास्त. काँक्रीटमधल्या सळयांसाठी उणे ३५० मिलिव्होल्टचा उंबरठा सर्रास वापरला जातो, पण तो इथे जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. आकड्यापेक्षा शेजारच्या बोल्टशी तुलना जास्त उपयोगी. दुसऱ्या चाचणीत बोल्टमध्ये थोडा थोडा प्रवाह सोडून त्याचा विद्युतदाब कसा सरकतो ते पाहतात. रेझिन हे विजेचं रोधक. सळई रेझिननं पूर्ण वेढलेली असेल तर ती प्रवाह जवळजवळ घेतच नाही. भरपूर प्रवाह घेत असेल तर पोलादाचा बराच भाग ओल्या कातळाला उघडा पडला आहे. थोडक्यात, पहिली चाचणी गंज चालू आहे का ते सांगते आणि दुसरी गंजाला वाव आहे का ते. गंज *कुठे* आहे हे दोन्हींतली एकही सांगत नाही.

तिसरी चाचणी हातोडीची. बोल्टच्या टोकावर ठोका द्यायचा आणि तिथेच लावलेल्या संवेदकानं कंपन नोंदवायचं. ही लहर लांबलचक असते, त्यामुळे ती सबंध बोल्टबद्दल बोलते: ताण उरला आहे का, ग्राउटची पकड आहे का. बारीकसारीक दोष तिला दिसत नाहीत.

चौथी अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींची, आणि या प्रकरणातला खरा रस तिच्यात आहे.

अल्ट्रासोनिक लहर आत काय काय करते

कृती ऐकायला सोपी आहे. बोल्टचं बाहेरचं टोक घासून सपाट आणि अक्षाला काटकोनात करायचं, जेल लावायचं, प्रोब (लहर सोडणारा आणि टिपणारा संवेदक) टेकवायचा, आत स्पंद सोडायचा आणि परतणारे प्रतिध्वनी स्क्रीनवर पाहायचे. पोलादात लहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जाते. तीन मीटरच्या सळईच्या टोकापर्यंत जाऊन यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्याआधी एखादा प्रतिध्वनी आला तर वाटेत काहीतरी आहे: तडा, खड्डा, तुटकी जागा. वेळेवरून अंतर निघतं.

टोक सपाट करण्याचं काम किरकोळ वाटतं, पण अर्ध्याअधिक चाचण्या इथेच फसतात. जुने बोल्ट बसवल्यावर जास्तीची सळई गॅसनं कापून टाकलेली असते. टोक वाकडंतिकडं, वितळलेलं. त्यावर प्रोब नीट बसत नाही आणि लहर तिरकी शिरते. कड्यावर पन्नास फूट उंचीवर, पाळण्यात उभं राहून ग्राइंडरनं ते टोक सरळ करणं हे चाचणीपेक्षा जास्त वेळ खाणारं काम. खाली रस्त्याची एक मार्गिका बंद ठेवावी लागते ती वेगळीच.

मग खरी गुंतागुंत सुरू होते. सळई म्हणजे जाड प्लेट नव्हे. बारीक व्यासाच्या लांब दांड्यात लहर भिंतींना घासत, परावर्तित होत पुढे जाते. भिंतीवर आपटली की तिचा काही भाग आडव्या कंपनाच्या लहरीत बदलतो, दुसऱ्या भिंतीवर पुन्हा पहिल्या रूपात येतो आणि मूळ लहरीच्या मागून रेंगाळत पोचतो. २५ मिलिमीटरच्या सळईत हे शेपटीचे प्रतिध्वनी खऱ्या प्रतिध्वनीनंतर सुमारे १९-१९ मिलिमीटरच्या अंतरानं ओळीत उभे दिसतात. नवख्या माणसाला ती खड्ड्यांची रांग वाटते. अंतर असं शिस्तीत सारखं असेल तर तो गंज नाही, भूमितीचा खेळ आहे, हे माहीत असावं लागतं. आट्यांमुळे आणि सळईवरच्या उंचवट्यांमुळे स्क्रीनवर बारीक गवत उगवतं ते आणखी वेगळं.

सर्वांत मोठी अडचण ग्राउटची. ग्राउट सळईला घट्ट चिकटलेलं असेल तर लहरीची ऊर्जा वाटेतच ग्राउटमध्ये आणि तिथून कातळात झिरपून जाते. जितकी पकड चांगली तितकी गळती जास्त. आपण मडकं वाजवून घेतो. खणखणीत वाजलं तर चांगलं. तेच मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरलं तर कितीही पक्कं असलं तरी वाजणार नाही. बोल्टचं तसंच आहे. उत्तम बसवलेला बोल्ट मुका असतो. दूरच्या टोकाचा प्रतिध्वनी ठळक, स्वच्छ आला तर तपासणाऱ्यानं खूश न होता भुवया उंचवाव्यात, कारण सळई मोकळी आहे, तिच्याभोवती ग्राउट नाही, आणि ग्राउट नाही म्हणजे पाण्याला वाट आहे. उलट प्रतिध्वनी आलाच नाही, तर बोल्ट तुटला असा अर्थ काढणंही चूक. तुटलेला बोल्ट तुटल्या जागेवरून ठळक उत्तर देतो. काहीच उत्तर न देणारा बोल्ट बहुधा कातळाशी एकजीव झालेला असतो, किंवा मग प्रोब नीट बसलेला नसतो. या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी हातोडीची आणि विजेची चाचणी लागते. एकट्या अल्ट्रासोनिकच्या भरवशावर बोल्ट पास-नापास करणारा अहवाल दिसला की मी तो बाजूला ठेवतो.

गळतीवर उपाय शोधण्याचं काम बरंच झालं आहे. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘बोल्टोमीटर’ नावाचं उपकरण निघालं. बोल्टच्या टोकातून दाबाची आणि वाकवण्याची अशा दोन्ही लहरी पाठवून ते ग्राउटची प्रत पारखतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००३ साली रेझिनमधल्या रॉक बोल्टवर केलेलं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी दाखवलं की फार वरच्या वारंवारतेला, काही मेगाहर्ट्झवर, काही विशिष्ट लहरींची ऊर्जा सळईच्या गाभ्यात एकवटते, कडेला कमी पोचते आणि म्हणून ग्राउटमध्ये कमी गळते. लांबी मोजायची, तुटलेली जागा शोधायची, तर या लहरी वापराव्यात. कमी वारंवारतेच्या, काही दहा किलोहर्ट्झच्या लहरी कडेपर्यंत पसरलेल्या असतात. त्या लवकर विरतात, पण ग्राउटबद्दल माहिती देतात. त्याच कामातून आणखी एक कटकटीची गोष्ट पुढे आली: बोल्ट जरासा वाकलेला असला तरी लहर बरीच क्षीण होते. आणि सरकणाऱ्या कातळात वाकलेले बोल्टच तर शोधायचे असतात.

गंज नेमका कोणत्या आकाराचा आहे यावरही सगळं अवलंबून. आडवा तडा लहरीला आरशासारखा परतवतो. तीक्ष्ण कडेचा खड्डाही उत्तर देतो. पण सळई हातभर लांबीत हळूहळू बारीक होत गेली असेल, तर परत फिरायला लहरीला कडाच मिळत नाही, ती निमूटपणे पुढे निघून जाते. चौथा हिस्सा पोलाद गेलेलं असताना स्क्रीन स्वच्छ दिसू शकते.

मग बॅरन माउंटनसारख्या ठिकाणी अल्ट्रासोनिकचा उपयोग काय? तिचा भरवशाचा टापू म्हणजे प्लेटच्या लगेच मागचा भाग. आणि योगायोग असा की बोल्टचा सर्वांत नाजूक भागही तोच. भोकात ग्राउट किंवा रेझिन तोंडापर्यंत क्वचितच येतं, प्लेटच्या मागे थोडी पोकळी राहते. तिथे हवा आहे, कड्यावरून झिरपणारं पाणी आहे, हिवाळ्यात गोठणं आणि वितळणं आहे. प्लेट कातळावर सरळ टेकलेली नसेल तर सळई त्याच जागी वाकते आणि ताण वाढतो. ग्राउट नसल्यामुळे तिथे लहर गळतही नाही. म्हणजे लहर जिथे सर्वांत चांगलं पाहू शकते तिथेच पाहण्यासारखं सर्वांत जास्त असतं. तीन मीटर आतल्या गोष्टींसाठी अल्ट्रासोनिकवर विसंबण्याचा हट्ट सोडला की ही पद्धत एकदम शहाणी वाटू लागते.

ताणाचा प्रश्न मात्र तिच्यानं सुटला नसता. तत्त्वतः ताणलेल्या सळईत लहर जरा सावकाश जाते आणि सळई जराशी लांबही झालेली असते, त्यामुळे परतीच्या वेळेवरून ताण काढता येतो. पण त्यासाठी बसवण्याच्या दिवशीची, ताण देण्याआधीची नोंद हवी. तीस वर्षांपूर्वीच्या बोल्टची अशी नोंद कोण काढून ठेवणार!

शेवटी उपसूनच पाहिलं

चार साक्षींचा मेळ घातल्यावर चित्र एकसारखं नव्हतं. काही बोल्टच्या ताणाबद्दल शंका होती, काहींच्या ग्राउटबद्दल. अशा वेळी अहवाल लिहून फाइल बंद करण्याचा मोह होतो. न्यू हॅम्पशायरच्या खात्यानं पुढचं पाऊल टाकलं, आणि हे प्रकरण लक्षात राहतं ते त्यामुळेच. २००५च्या सुमारास त्यांनी निवडक ठिकाणी हात घालून तपासणी केली.

त्यातला एक भाग लिफ्ट-ऑफ चाचणीचा. बोल्टच्या बाहेरच्या टोकाला हायड्रॉलिक जॅक जोडून ओढत जायचं. जोवर जॅकची ओढ बोल्टमधल्या ताणापेक्षा कमी आहे तोवर नट प्लेटला चिकटून राहतो. ज्या क्षणी नट सुटतो त्या क्षणीचा जॅकचा आकडा म्हणजे बोल्टमध्ये उरलेला ताण. यात अंदाजाला जागा नाही. दुसरा भाग म्हणजे काही पोलाद सभोवतालच्या कातळासह खोदून बाहेर काढणं. हे खर्चिक आहे, आणि ज्या बोल्टवर कडा विसंबून आहे तोच काढायचा म्हणून धोक्याचंही. पण गंजाबद्दल शेवटचा शब्द उघड्या पोलादाचाच.

बाहेर आलेल्या नमुन्यांवर गंज सगळीकडे सारखा नव्हता. ग्राउटनं वेढलेला भाग तुलनेनं शाबूत, आणि आवरण अपुरं होतं तिथे गंजाला वाव मिळालेला. म्हणजे वयापेक्षा बसवणाऱ्याच्या हाताचा गुण मोठा ठरला. बाहेरून केलेल्या चाचण्या ज्या दिशेला बोट दाखवत होत्या त्याच दिशेला हे गेलं, आणि मगच त्या चाचण्यांवर इतर कड्यांसाठी विसंबणं शक्य झालं. काही नमुने उपसून पडताळणी केलेली नसेल तर लहरींच्या आलेखातून काढलेला निष्कर्ष हा मतापुरताच राहतो.

कोकणात

२२ जून २००३ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ला करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे कोकण रेल्वेचे दोन भीषण अपघात झाले. त्यानंतर मार्गासाठी कापलेल्या कड्यांवर जाळ्या, रॉक बोल्ट, शॉटक्रीट (दाबानं फवारलेलं काँक्रीट) अशी कामं मोठ्या प्रमाणात झाली. २०१५च्या जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड पडल्यावर घाटातल्या कड्यांनाही जाळ्या आणि बोल्ट लागले. त्या पोलादाचं वय आता दहा ते वीस वर्षांच्या घरात आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये बर्फ आहे. इथे चार महिने कातळातून धो धो वाहणारं पाणी, दमट हवा आणि किनाऱ्यालगत खारा वारा.

इथल्या बोल्टची बॅरन माउंटनसारखी तपासणी करायची म्हटली तर पहिला अडथळा शॉटक्रीटचाच येईल. बऱ्याच ठिकाणी शॉटक्रीट मारताना प्लेट आणि नटही झाकले जातात. टोक सापडलंच नाही तर प्रोब लावणार कुठे? नव्या कामांत दर काही बोल्टमागे एकाचं टोक उघडं, सपाट कापलेलं आणि ग्रीसच्या टोपीखाली ठेवता येईल. निविदेत त्यासाठी एक ओळ लागेल, खर्च नगण्य. बसवल्या दिवशीच, ताण देण्याआधी आणि दिल्यानंतर, त्याचा अल्ट्रासोनिक आलेख नोंदवून ठेवता येईल. शेजारी, कड्याचा भार नसलेल्या जागी, चार-पाच बिनकामाचे बोल्ट त्याच ग्राउटनं बसवून ठेवावेत, म्हणजे पाच-दहा वर्षांनी कड्याला धक्का न लावता ते उपसून पाहता येतील. आणि प्रत्येक प्लेटवर बोल्टची लांबी ठोकून कोरावी. लांबी माहीत नसेल तर दोन मीटर दहा सेंटिमीटरवरून आलेला प्रतिध्वनी बोल्टच्या टोकाचा आहे की तुटलेल्या जागेचा, हे स्क्रीन पाहून कुणालाच सांगता येणार नाही.